लिलावातले घर आणि लांबणारा ताबा

रांगोळी कलाकारांचे आणि चंडिकादेवीच्या डोंगराचे गाव म्हणून जूचंद्रची ओळख आहे. आता नायगाव पूर्वेच्या या भागात इमारतीही दाटल्या आहेत. मुलाजवळ राहता यावे म्हणून निवृत्तीची पुंजी घेऊन अशा ठिकाणी घर शोधणाऱ्या ज्येष्ठांची नजर कधीतरी वर्तमानपत्रातल्या बँकेच्या लिलावसूचनेवर पडते. किंमत बाजारभावाहून कमी दिसते आणि मनात हिशेब सुरू होतो.

आपलाही असा विचार असेल, तर राखीव किंमत पाहण्याआधी त्या सूचनेतला एक शब्द शोधावा. बँकेचा ताबा ‘प्रत्यक्ष’ आहे की ‘सांकेतिक’, म्हणजेच ‘प्रतीकात्मक’? सांकेतिक ताब्यात दारावर नोटीस लागलेली असते, पण घरात कर्जदाराचे कुटुंब राहतच असते. २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १४ नुसार बँकेला प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. जूचंद्रच्या बाबतीत ते कार्यालय पालघरला आहे. आदेशासाठी ३० दिवसांची, कारणे नोंदवून एकूण ६० दिवसांची मुदत कायद्यात आहे. प्रत्यक्षात ती पाळली जाईलच, असे धरून चालू नये. आदेशानंतरही पोलीस बंदोबस्त मिळेपर्यंत दिवस जातात. त्यातच कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला आणि स्थगिती मिळाली, तर सारेच थांबते.

खरेदीदाराला मात्र अशी सवड नाही. बयाणा धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते. उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायची असते. बँकेने लेखी मान्य केले तरच ही मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढते. ती चुकली तर भरलेली संपूर्ण २५ टक्के रक्कम जप्त होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. गृहकर्जाची मंजुरी हाती नसताना बोली लावणे म्हणूनच धोक्याचे.

सगळे पैसे वेळेत भरले तरी किल्ली लगेच मिळते, असे नाही. नवी मुंबईतील शिरवणे येथील एका औद्योगिक भूखंडाचा लिलाव जून २०२३ मध्ये झाला. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाल्यावर कर्ज फेडून मालमत्ता सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी खरेदीदाराच्या बाजूने दिला. तरीही ताब्यासाठी त्याला अवमान याचिका करावी लागली आणि तिचा निर्णय १३ डिसेंबर २०२४ रोजी आला. कंपनीला असा काळ सोसता येतो. पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी जुने घर विकून, सामान बांधून तो कसा काढावा?

घरातल्या काळजीवाहकांनी म्हणून एक गोष्ट ठामपणे धरावी: प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत राहते घर सोडू नये, भाडेकरारही संपवू नये. सगळ्या ठेवी एकदम मोडू नयेत; औषधोपचार आणि अचानक येणाऱ्या रुग्णालयाच्या खर्चाची रक्कम बाजूलाच असावी. नेहमीचे डॉक्टर बदलण्याची घाईही नको. अनिश्चिततेने झोप उडते, गोळ्यांच्या वेळा चुकतात. या काळात रक्तदाबाची नोंद नियमित ठेवावी. प्रत्येक तारखेची बातमी आजोबांना तत्काळ कळवलीच पाहिजे असे नाही. मात्र लपवूही नये. आठवड्यातून एकदा शांतपणे बसून सांगावे. लपवलेले शेजाऱ्याकडून कळले की अधिक लागते.

आत राहणाऱ्या कुटुंबाशी दारात जाऊन वाद घालणे आपले काम नाही, ते बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचे आहे. कदाचित तिथेही कुणी वृद्ध असेल.

‘जसे आहे, जेथे आहे’ या शब्दांत विक्री होते, तेव्हा सोसायटीची थकबाकी आणि मालमत्ता करही खरेदीदाराच्या गळ्यात येऊ शकतो. त्याचे आकडे बोलीपूर्वी लेखी मागावेत. वसई-विरारमधील अनधिकृत बांधकामांचा प्रश्न पाहता महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र वकिलाकडून तपासून घेतल्याविना पुढे जाऊ नये.

ताब्याच्या दिवशी पंचनाम्याची प्रत घ्यावी, वीजमीटरचे आकडे टिपावेत, कुलूप बदलावे. मग सामान आणण्याआधी न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवून घ्यावेत आणि उद्वाहन चालते का, ते पाहावे.