घेताना स्वस्त, राखताना पोर्शे

पोर्शे म्हटलं की डोळ्यांपुढे ९११ उभी राहते. ९४४ टर्बो त्याच घराण्यातली, पण तिला कायम सावत्रपणाची वागणूक मिळाली. तिचं मूळ ९२४ मध्ये, आणि ९२४ हा फोक्सवॅगन-ऑडीसाठी हाती घेतलेला प्रकल्प. गाड्या बनल्या त्याही नेकार्सुल्मच्या ऑडीच्या कारखान्यात. इंजिन पुढे, पाण्यावर थंड होणारं, सिलिंडर फक्त चार. निष्ठावंतांनी नाकं मुरडायला एवढं पुरेसं होतं. १९८५ साली आलेल्या टर्बोत मात्र २४७९ सीसीच्या त्या चार सिलिंडरांतून २२० अश्वशक्ती निघत होती आणि गाडी ताशी २४५ किलोमीटर गाठत होती. १९८८ च्या टर्बो एसमध्ये शक्तीचा आकडा २५० वर गेला.

नाकं मुरडणाऱ्यांमुळे एक सोय झाली. अमेरिकेत आणि युरोपात ही गाडी बरीच वर्षं ९११ च्या मानाने फारच कमी पैशांत मिळत असे. अडचण पुढे होती. गाडीची किंमत उतरली तरी गॅरेजचं बिल पोर्शेचंच येई. त्यामुळे ज्यांची स्वतः पाना हातात घ्यायची तयारी होती, त्यांच्याकडेच या गाड्या धडपणे टिकल्या. त्यांचं ऐकलं की एक गोष्ट लक्षात येते: ही गाडी अवघड नाही, वेळखाऊ आहे. बिलात पैसे लागतात ते बहुतेक मजुरीच्या तासांचे, आणि ते तास स्वतःच्या रविवारातून काढता येतात.

क्लचचंच बघा. वजन दोन्ही चाकांच्या जोड्यांवर सारखं पडावं म्हणून गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलपाशी नेला आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी लांब नळी, म्हणजे टॉर्क ट्यूब, मधून जाते. क्लच मात्र पुढे, इंजिनाला चिकटून. तेव्हा क्लचची प्लेट बदलायची तर आधी एक्झॉस्ट उतरवा, मागच्या चाकांचे शाफ्ट सोडा, गिअरबॉक्स खाली घ्या, ट्यूब मागे सरकवा आणि मग क्लचवरच्या धातूच्या आवरणाला, म्हणजे बेलहाउसिंगला, हात घाला. त्याचे वरचे बोल्ट दिसत नाहीत, बोटांनी चाचपून शोधावे लागतात. एवढं करून हाती येते ती साधी प्लेट. मूळ प्लेटच्या मध्यभागी झटके शोषायला रबर असे. वयाने ते फाटतं, म्हणून आता तिच्या जागी स्प्रिंगवाली प्लेट बसवतात.

बेलहाउसिंगवर दोन सेन्सर असतात, फ्लायव्हीलकडे तोंड करून. एक दात मोजतो, दुसरा पिस्टन वरच्या टोकाला कधी आला ते सांगतो. सेन्सर आणि फ्लायव्हील यांच्यात साधारण ०.८ मिलिमीटरची फट ठेवायची असते. त्यांचे प्लग जुने झाले की हात लावताच चुरा होतो. सिग्नल गेला की इंजिनाला ठिणगी मिळत नाही. क्लचसाठी सगळं उघडलेलं असताना दोन्ही सेन्सर नवे न घालणं म्हणजे निव्वळ कंजूषपणा.

टायमिंग बेल्टच्या बाबतीत तर माफीच नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि इंजिनाचं हेड उतरवावं लागतं. शेजारीच दुसरा बेल्ट असतो, बॅलन्स शाफ्टचा. मोठ्या चार सिलिंडरांची थरथर मारणारे हे दोन शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात. त्यांचं पेटंट मित्सुबिशीकडे होतं, पोर्शेने ते परवान्यावर घेतलं. हा दुसरा बेल्ट तुटला तर इंजिन नुसतं थरथरतं, पण त्याचा तुकडा पहिल्या बेल्टात अडकला तर संपलंच. वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणून जाणकार बेल्ट, पंप, रोलर आणि पुढची ऑईल सील एकदमच बदलतात, साधारण ५० हजार किलोमीटरांच्या आत. साधारण १९८७ पासूनच्या गाड्यांत टायमिंग बेल्टला स्प्रिंगचा टेन्शनर आहे. त्याआधीच्यांना ताण मोजायचं खास हत्यार लागतं, आणि बॅलन्स बेल्टचा ताण सगळ्याच गाड्यांत हाताने लावावा लागतो.

एक दुखणं अगदी स्वस्त आहे. स्टार्टर फिरतो, इंजिन सुरू होत नाही. फ्यूज बॉक्समधला डीएमई रिले इंजिनाच्या कॉम्प्युटरला (हाच डीएमई) आणि पेट्रोल पंपाला वीज देतो, आणि त्याच्या आतले सोल्डरचे टाके वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने तडकतात. टो-ट्रक बोलावण्याआधी रिले बदलून बघावा. शहाणा मालक डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा रिले ठेवतोच.

आता शक्ती वाढवण्याबद्दल. बहुतेकांची घाई इथेच होते. डॅशवरचा बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, काटा बंद गाडीतही १ बारवर असतो, कारण तो बाहेरच्या हवेसकट दाब दाखवतो. कंपनीच्या सेटिंगला तो जास्तीत जास्त १.७५ च्या आसपास जातो. कॉम्प्युटरच्या चिप बदलून, मजबूत वेस्टगेट (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) लावून तो २ च्या वर नेता येतो, आणि फरक पहिल्याच चढावर कळतो. पण हवा मोजणारी मूळ झडप एका मर्यादेनंतर पूर्ण उघडते. पुढची हवा तिला मोजताच येत नाही, मिश्रण पातळ होतं आणि सिलिंडरात अवेळी भडकतं, म्हणजे नॉकिंग होतं. ते ऐकणारा वेगळा कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो आणि बूस्ट उतरवतो खरा, पण तो बिघाड लांबवतो, टाळत नाही. हेड गॅस्केट आधी जातं.

त्यातून टर्बो आहे डावीकडे, इंटेक मॅनिफोल्डखाली. धूर मात्र उजवीकडून निघतो आणि पाइपातून या बाजूला येतो. त्याच उष्णतेत व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या पडून असतात. चाळीसेक वर्षांत त्या बोटात धरल्या तर काडीसारख्या मोडतात. बूस्ट गळत असेल तर नव्या चिपचा काय उपयोग? म्हणून आधी मॅनिफोल्ड काढून सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या घालाव्यात, पेट्रोलचे होज बदलावेत (तापल्या इंजिनावर पेट्रोल सांडून या गाड्या जळल्या आहेत), आणि इंजिन बंद केल्यावर टर्बोला पाणी पुरवणारा छोटा इलेक्ट्रिक पंप चालतो का, ते कान देऊन ऐकावं. तो मेला असेल तर बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतं.

एखादी ९४४ टर्बो घ्यायला निघालात तर रंग, चाकं, नवी चिप वगैरे नंतर बघा. बेल्टची पावती मागा. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चाला, आणि गाडी चालवत घरी आणू नका, ट्रेलरवर आणा.