गाण्यामागे पंचवीस डॉलर

खर्च ११०० डॉलर आणि गाणी ४५. जुलै १९८४मध्ये 'डबल निकल्स ऑन द डाइम' हा दोन तबकड्यांचा अल्बम बाजारात आला, त्याचा हा हिशेब. भागाकार करून पाहिला तर गाण्यामागे पंचवीस डॉलरही पडत नाहीत. त्याच काळात नावाजलेले रॉक बँड एकेका अल्बमसाठी महिनोन्महिने स्टुडिओ अडवून बसत. मिनटमेन या कॅलिफोर्नियातल्या तिघांच्या बँडने मात्र अख्ख्या दुहेरी अल्बमचं मिक्सिंग एका रात्रीत उरकलं.

बँड जेमतेम सहा वर्षं टिकला. जानेवारी १९८०मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर १९८५मध्ये संपला. एवढ्या काळात चार अल्बम, त्याशिवाय छोट्या तबकड्या आणि दौऱ्यांचं ड्रायव्हिंग स्वतःचं स्वतः. रेडिओवर गाजलेलं गाणं एकही नाही. तरीही अमेरिकन भूमिगत पंकचा इतिहास सांगताना त्यांना वगळता येत नाही. त्याचं कारण माझ्या मते या हिशेबाच्या वहीतच सापडतं. गरिबीमुळे काटकसर करणारे बँड पुष्कळ होते. या तिघांनी काटकसरीचं शास्त्र गाण्यातही आणलं.

लॉस एंजेलिस शहराचं बंदर ज्या टोकाला आहे, ते गाव सॅन पेड्रो. स्थानिक माणूस त्याचा उच्चार 'पीड्रो' असा करतो. नीट 'पेड्रो' म्हटलंत की तुम्ही बाहेरचे. गोदी कामगार, मच्छीमार, नौदलातली कुटुंबं अशी इथली वस्ती. हॉलिवूड गाडीने फार लांब नाही, पण तिथल्या झगमगाटाशी या गावाचा संबंध नव्हता. माइक वॉटचे वडील नौदलात होते, त्यामुळे तो व्हर्जिनियातून इथे आलेला. तेरा वर्षांचा असताना तो पेक पार्कमधून चालला होता आणि झाडावरून एक गुबगुबीत पोरगा थेट त्याच्या पुढ्यात उडी मारून उतरला. वॉटला आपला दुसराच मित्र समजून तो उतरला होता. हा डेनिस बून, पुढचा डी. बून. नव्या दोस्ताला त्याने एकामागून एक असे भन्नाट विनोद ऐकवले की वॉट थक्क झाला. ते सगळे जॉर्ज कार्लिन या विनोदवीराच्या रेकॉर्डवरून पाठ केलेले होते, हे वॉटला नंतर कळलं.

वस्ती अशी की पोरं रस्त्यावर असली की आयांच्या जिवाला घोर. बूनच्या आईने त्यावर तोडगा काढला: घरात बसा आणि वाजवा. डेनिस गिटार वाजवेल, माइकने बेस वाजवावा, हेही तिनेच ठरवून टाकलं. वॉटने बेस कधी जवळून पाहिलेलाच नव्हता. बेसला चार तारा असतात एवढं ऐकून माहीत होतं, म्हणून तो बरेच दिवस साध्या गिटारच्या दोन तारा काढून तीच वाजवत राहिला. खरा बेस हातात आला तेव्हा त्या जाड तारा पाहून तो चक्रावलाच.

दोघांची दैवतं क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल आणि ब्लू ऑयस्टर कल्ट. 'डी. बून' या नावालाही कल्टच्या 'ई. ब्लूम' या गायकाच्या नावाचा नाद आहे. पण तोवर संगीत म्हणजे रेकॉर्डवरचं हुबेहूब वाजवून दाखवणं, एवढीच त्यांची समजूत. स्वतः गाणं रचणं हे स्टेडियमवर वाजवणाऱ्या बड्या लोकांचं काम. १९७७च्या सुमारास हॉलिवूडच्या क्लबांत पंक बँड दिसू लागले. वाद्य धड हाताला बसलेलं नसतानाही बिनधास्त आपलीच गाणी वाजवणारी ती मंडळी पाहिली आणि दोघांचे डोळे उघडले. आधी 'रिअॅक्शनरीज' नावाचा चौघांचा बँड झाला. तो मोडल्यावर मिनटमेन. सुरुवातीचा ड्रमर टिकला नाही. काही महिन्यांतच रिअॅक्शनरीजचाच जॉर्ज हर्ली परत आला आणि त्रिकूट पुरं झालं.

नावावरून कायम घोटाळा होतो. गाणी मिनिटभराची, म्हणून मिनटमेन, असं सगळ्यांना वाटतं. मूळ शब्द अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला: हाक आली की मिनिटभरात बंदूक घेऊन हजर होणारे शेतकरी-सैनिक. साठच्या दशकात हेच नाव एका कडव्या उजव्या टोळीने घेतलं होतं, तिची टिंगल करावी हाही एक हेतू. शिवाय इंग्रजीत त्याच स्पेलिंगचा दुसरा उच्चार केला की अर्थ होतो 'चिमुकली माणसं'. वॉटला हा तिसरा अर्थ भारी आवडे.

पहिली तबकडी 'पॅरानॉइड टाइम' १९८० सालची. गाणी सात, वेळ साडेसहा मिनिटं. ती काढली एसएसटी रेकॉर्ड्सने. ही कंपनी ब्लॅक फ्लॅग बँडच्या ग्रेग गिनची. शाळकरी वयात तो हॅम रेडिओची सुटी उपकरणं टपालाने विकायचा, त्याच धंद्याचं नाव पुढे रेकॉर्ड कंपनीला लागलं. 'पॅरानॉइड टाइम' ही एसएसटीची दुसरीच तबकडी. पुढच्या वर्षी 'द पंच लाइन' आला: अठरा गाणी, पंधरा मिनिटं.

एवढं आखूड का? प्रेरणा ब्रिटनच्या वायर या बँडची. त्यांच्या 'पिंक फ्लॅग' या १९७७च्या अल्बममध्ये एकवीस गाणी होती आणि सांगायचं सांगून झालं की गाणं तिथेच थांबायचं. वॉट आणि बूनला यातून मुभा मिळाली. ध्रुवपद दोनदा-तीनदा घोळवायचं कारण नाही, मधे गिटारचा सोलो घालायचा नियम नाही. तोडी आवडली म्हणून ताना लांबवत बसू नये, तसं हे. पण आखूड म्हणजे सोपं नव्हे. हर्लीचा ड्रम सरळ ठोका धरून चालतच नाही, तो अडखळत, वळणं घेत धावतो. वॉटचा बेस फंकमधून आलेला, जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदात शोभावा असा. त्यावर कॅप्टन बीफहार्ट या अवलिया रॉक संगीतकाराचा तिरकसपणा आणि बूनची धारदार गिटार.

या धारेमागे एक विचार होता. रॉकमध्ये गिटार म्हणजे पाटील; बेस आणि ड्रमने मागे उभं राहून त्याची मर्जी सांभाळायची. बूनने अॅम्प्लिफायरवरचे खर्जाचे स्वर जवळजवळ काढूनच टाकले. गिटारचा आवाज पत्र्यासारखा पातळ, तीक्ष्ण झाला आणि खालची सगळी जागा बेसला मोकळी मिळाली. तिघांना सारखा वाटा. राजकारणात समतेच्या गोष्टी बोलणारे बँड ढिगाने होते. आपल्या गिटारचा खर्ज कापून ती समता आणणारा मला तरी दुसरा माहीत नाही. म्हणूनच यांचं कुठलंही गाणं ऐकताना तीन वाद्यं तीन माणसांसारखी ऐकू येतात. एकमेकांचं तोडत, पण एकमेकांना जागा देत बोलणारी.

या राहणीला त्यांनी शब्दही शोधला होता: 'इकोनो'. स्वस्तात, काटकसरीने, असा त्याचा अर्थ. दौरा स्वतः ठरवायचा, व्हॅन स्वतः चालवायची, सामान स्वतः चढवायचं-उतरवायचं, रात्री कुणा चाहत्याच्या घरी जमिनीवर पथारी टाकायची. स्टुडिओ घ्यायचा तो रात्री-अपरात्री, भाडं कमी असतं तेव्हा. तालीम इतकी पक्की करून जायचं की टेप वाया जाऊ नये. तबकडीवर ज्या क्रमाने गाणी हवीत त्याच क्रमाने वाजवायची, म्हणजे नंतर कापाकापीचा खर्च नाही. तबकडी हीसुद्धा त्यांच्या लेखी कार्यक्रमाची जाहिरातच. स्वतःच्या गरजेपुरतं भागवून त्यांनी दुसऱ्यांनाही हात दिला. न्यू अलायन्स ही त्यांची छोटी कंपनी. हस्कर डू आणि डिसेंडंट्स या पुढे गाजलेल्या बँडांचे सुरुवातीचे अल्बम तिनेच काढले.

पंकवाल्यांनी त्यांना लगेच डोक्यावर घेतलं असं मात्र नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हार्डकोर पंकचा एक ठरीव गणवेश झाला होता: डोकं भादरलेलं, वेग एकच, चेहऱ्यावर राग. इथे एक अवाढव्य देहाचा माणूस गिटार घेऊन मंचावर चेंडूसारखा उसळतोय आणि मागे फंक वाजतंय, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडेना. १९८३मध्ये ब्लॅक फ्लॅगबरोबर युरोपचा दौरा केला तेव्हा प्रेक्षकांची थुंकी झेलत वाजवावं लागलं.

त्याच वर्षाअखेरीस त्यांनी एका अल्बमपुरती गाणी ध्वनिमुद्रित केली. तेवढ्यात हस्कर डू एसएसटीसाठीच 'झेन आर्केड' हा दुहेरी अल्बम करून बसल्याचं कळलं. हे गप्प बसतात कसले! आणखी दोन डझनांच्या आसपास गाणी रचली आणि एप्रिल १९८४मध्ये पुन्हा स्टुडिओत गेले. सलग कथा वगैरे काही नव्हती, म्हणून प्रत्येकाने एकेका बाजूची गाणी निवडायची असं ठरलं. काड्या काढून पाळी लावली. चौथ्या बाजूला उरलंसुरलं भरलं आणि तिचं नावच ठेवलं 'चाफ', म्हणजे फोलपट.

मुखपृष्ठावर वॉट आपली फोक्सवॅगन चालवतोय. काटा बरोबर ५५ मैलांवर, आरशात त्याचे हसरे डोळे, समोर सॅन पेड्रोची पाटी. हे तिन्ही एका चौकटीत येण्यासाठी मागच्या सीटवरच्या मित्राला पुन्हापुन्हा फोटो घ्यावा लागला. 'डबल निकल्स' ही ट्रकवाल्यांची बोली: ताशी ५५ मैल, म्हणजे तेव्हाची देशभरची वेगमर्यादा. सॅमी हेगर हा रॉकस्टार तेव्हा गात होता की ५५ने गाडी चालवणं आपल्याला जमत नाही. यांचं उत्तर असं की गाडी आम्ही नेमाने चालवू, बेफामपणा संगीतात करू.

आणि तो केला. व्हॅन हेलन या बँडचं पावणेचार मिनिटांचं गाणं चाळीस सेकंदांत आटोपलं. वॉटचे शब्द फार हवेतले असतात अशी तक्रार बूनने केली, तर वॉटने एका मित्राच्या घरमालकिणीने गळक्या शॉवरबद्दल लिहिलेली चिठ्ठी उचलली आणि तीच गाण्याचे शब्द म्हणून दिली. 'धिस एन्ट नो पिकनिक' आलं ते बूनच्या नोकरीतून. कामावर रेडिओवर कृष्णवर्णीयांचं संगीत लावलं म्हणून साहेबाने वर्णद्वेषी शेरा मारला होता. त्या गाण्याच्या स्वस्तातल्या व्हिडिओत जुन्या युद्धपटातला विमान चालवणारा रोनाल्ड रेगन कापून जोडलाय. राष्ट्राध्यक्ष आकाशातून बँडवर गोळ्या झाडतायत. बून एल साल्वाडोरच्या जनतेला पाठिंबा देणाऱ्या चळवळीत होता आणि मध्य अमेरिकेतला रेगनचा हस्तक्षेप त्याच्या गाण्यांत वारंवार येतो. 'कोरोना' हे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्या गरीब बाईवरून सुचलेलं. पुढे २०००मध्ये एमटीव्हीच्या 'जॅकास' या अंगाशी येणाऱ्या खोड्यांच्या कार्यक्रमाने त्याची सुरुवातीची गिटार शीर्षकधून म्हणून वापरली. लाखो लोकांना ती धून पाठ आहे. त्या बाईचा त्यांना पत्ता नाही.

या सगळ्या गोंगाटात एक गाणं अगदी संथ, गोड चालीचं आहे: 'हिस्टरी लेसन, पार्ट टू'. शब्द वॉटचे, पण त्यातला 'मी' आहे बून आणि 'मित्र' आहे माइक वॉट. म्हणजे एकाने दुसऱ्याच्या तोंडून स्वतःविषयी बोलून घेतलंय. मारामाऱ्या करणाऱ्या पंक पोरांना कळावं की मंचावरचे आम्ही तुमच्यासारखेच दोन दोस्त आहोत, एवढ्यासाठी लिहिलेलं. मायकल अझेरॅडने २००१मध्ये अमेरिकन भूमिगत रॉकवर ग्रंथ लिहिला, त्याचं नाव या गाण्याच्या पहिल्या ओळीतून घेतलं.

१९८५ सालची 'प्रोजेक्ट: मर्श' ही चेष्टाच होती. 'मर्श' म्हणजे 'कमर्शियल'चं त्यांनी केलेलं लघुरूप. लांब गाणी, ट्रम्पेट, हळूहळू विरत जाणारा शेवट, असा बाजारू मसाला मुद्दाम घातला. मुखपृष्ठावर बूनने स्वतः रंगवलेले कंपनीचे साहेब बसलेत, यांच्याकडून हिट गाणी लिहून घेऊ म्हणणारे. चेष्टा म्हणून ठीक. पण तीन-चार मिनिटांच्या गाण्यांत त्यांचा नेहमीचा ताण सैल पडलेला जाणवतो. त्यानंतर डिसेंबरमध्ये 'थ्री-वे टाय (फॉर लास्ट)' आला, आर.ई.एम. या बँडबरोबर दौरा झाला. दारं किलकिली होत होती.

२२ डिसेंबर १९८५ रोजी अॅरिझोनाच्या वाळवंटात व्हॅन रस्त्यावरून घसरून उलटली. तापाने फणफणलेला बून मागे आडवा झाला होता, पट्टा लावलेला नव्हता. तो जागीच गेला. वय सत्तावीस.

वॉटने वाजवणं सोडून दिलं होतं. एड क्रॉफर्ड नावाचा एक चाहता ओहायोहून सॅन पेड्रोला येऊन थडकला, पिच्छा पुरवला आणि १९८६मध्ये वॉट-हर्लीला घेऊन 'फायरहोज' बँड उभा राहिला. तो १९९४पर्यंत चालला. १९९७मध्ये वॉटने बोटीच्या इंजिनघरातल्या तीन खलाशांची एक संगीतकथा रचली. ते तिघे कोण, हे सांगायला नको. २००३पासून तो स्टूजेस या पंकच्या आद्य बँडमध्ये बेस वाजवू लागला. २००५मध्ये मिनटमेनवरचा माहितीपट आला, त्याचा पहिला खेळ सॅन पेड्रोतल्याच जुन्या थिएटरात झाला.

आज घरच्या लॅपटॉपवर अल्बम होतो, ११०० डॉलरचं कौतुक कुणाला वाटणार? पण स्वस्तात करणं आणि नेमकं करणं यांत फरक आहे.  मिनटमेनने पैसा वाचवला, टेप वाचवली, खर्ज वाचवला आणि जे वाचलं ते शेजारच्या दोघांना वाटून दिलं. पंकमधून घेण्यासारखा धडा मला हाच वाटतो. ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'हिस्टरी लेसन, पार्ट टू'पासून करा. सव्वादोन मिनिटांहून जास्त वेळ जाणार नाही.