हौसेचा कॅमेरा आणि धंद्याचा हिशोब : रोलपासून डिजिटलपर्यंत

करमाड, शेंद्रा, लाडसावंगी या पट्ट्यात तीस-तीस वर्षं हौसेनं फोटो काढणारे लोक आहेत. आधी रोल, आता डिजिटल. "सर, हौस आहेच, तर स्टुडिओ टाकू का?" असं कुणी विचारलं की मी आधी हिशोबाची वही काढायला लावतो.

रोलच्या काळात खर्च डोळ्यांना दिसायचा. रोल छत्तीसचा. नीट भरला तर एक-दोन फोटो जास्त निघायचे, त्याचाही आनंद व्हायचा! लग्नाला पाच रोल म्हणजे 180 फोटो. पुढं धुलाई, प्रिंट. प्रत्येक क्लिकला पैसे, म्हणून बटण दाबायच्या आधी माणूस विचार करायचा.

डिजिटलमध्ये क्लिक फुकट वाटतो. तसा तो नाही हो! समजा, कॅमेरा 80,000 रुपयांचा आणि शटरचं आयुष्य 2 लाख क्लिक धरलं, तर एका क्लिकला 40 पैसे झिजतात. लग्नात 3,000 फोटो काढले की 1,200 रुपये गेले. वर निवड. एका फोटोला नुसते 5 सेकंद दिले तरी चार तासांच्या वर बसावं लागतं. हा वेळ कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही. हौशी माणूस तर नाहीच नाही, कारण त्याला ते काम वाटतच नाही.

आता मोठ्यांचं बघा. डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. तरी कंपनीचा जीव फिल्ममध्येच अडकला, आणि 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. फुजीफिल्मनं मात्र फिल्मच्या रसायनांचं ज्ञान सौंदर्यप्रसाधनांत वापरलं. आपल्याकडे उटीला 'इंदू' फिल्म बनवणारा सरकारी कारखाना होता, तोही बंद पडला.

गावातल्या स्टुडिओला मार बसला तो वेगळ्याच बाजूनं. आधारचा फोटो केंद्रावरच काढतात, पासपोर्टचाही सेवा केंद्रात. बाकी मोबाईल आहेच. म्हणून नुसत्या पासपोर्ट फोटोच्या भरवशावर गाळा भाड्यानं घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काम कुठंय? शेंद्र्याच्या छोट्या कारखानदारांना कॅटलॉगसाठी मालाचे फोटो लागतात. तिथं जाऊन विचारा. दुसरं, जुन्या निगेटिव्ह. घराघरात पेटीत पडल्यात, दमटपणानं बुरशी धरतेय. पांढरा लाईट पॅनल, मॅक्रो लेन्स आणि स्टँड एवढ्यावर त्या डिजिटल करता येतात. ज्यानं स्वतः रोल हाताळलाय, त्याला निगेटिव्ह कडेनं धरायची सवय असते. नव्या पोरांना ती शिकवावी लागते. दर फ्रेमवर लावा, तासावर नको.

लग्नात ड्रोन उडवणार असाल तर जपून. 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. चिकलठाणा विमानतळ जवळ आहे, म्हणून डिजिटल स्कायच्या नकाशावर आपलं ठिकाण कोणत्या झोनमध्ये येतं ते आधी बघा.

आणि घरच्या स्वतःच्या निगेटिव्ह? सुरुवात त्यांच्यापासूनच करा. हात बसेल, नमुना म्हणून दाखवायलाही होतील. एक कॉपी मात्र दुसऱ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरात ठेवा.