डाव संपला, हे कोणी सांगायचे?

पटावरच्या खेळाचा शेवट दोन प्रकारे होतो. राजाला मात बसते तेव्हा तो नियमाने होतो. एक खेळाडू 'डाव सोडला' म्हणतो किंवा दोघे बरोबरी मान्य करतात, तेव्हा तो बोलण्याने होतो. जाणत्या खेळाडूंचे बरेचसे डाव दुसऱ्या प्रकारे संपतात. आता समोर संगणक बसतो. त्याला पहिला शेवट उत्तम कळतो. दुसरा मात्र कोणीतरी मुद्दाम शिकवावा लागतो, आणि नेमके काय शिकवायचे, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या भागात हा विचार नवा नाही. आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथाला मराठीचे अभ्यासक जुन्या मराठीच्या खुणांसाठी ओळखतात. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाचेही वर्णन आहे. पुढे देशी पद्धतीच्या बुद्धिबळात जिंकण्याची रीतही मोजली जाऊ लागली. प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, मानाची. समोरच्याचा राजा एकटा उरला तर ती 'बुर्जी'. तो विजय पुरता धरत नसत, अर्धा किंवा बरोबरीचा धरत. म्हणून जिंकणारा समोरच्याचे शेवटचे मोहरे मारायचे टाळून मातीचा मार्ग शोधत असे. सगळे मारून टाकणे म्हणजे जिंकणे नव्हे, हे तिथे नियमातच होते.

प्रोग्रॅमला अशी रीत दिसत नाही. त्याला आकडा दिसतो. हरत असताना मात चार खेळ्या लांबते एवढ्यासाठी तो वजीर, हत्ती एकेक करून फुकट देतो. त्याच्या हिशेबात हे बरोबर असते, समोरच्या माणसाला ती टिंगल वाटते. जिंकतानाही तसेच. मोहरी थोडी उरली की प्रोग्रॅम आधी सोडवून ठेवलेल्या कोष्टकांकडे वळतात. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची 'सिझिजी' कोष्टके २०१८ साली पूर्ण झाली. पण ती मातीचे अंतर सांगत नाहीत. पुढचे मोहरे मारायला किंवा प्यादे सरकवायला किती खेळ्या लागतील, एवढेच सांगतात, कारण पन्नास खेळ्यांचा नियम सांभाळायचा असतो. त्यांच्यामागे आंधळेपणाने जाणारा प्रोग्रॅम सरळ मात सोडून विनाकारण मोहरे देऊन बसतो. जिंकणारा खेळवतो आहे, असे हरणाऱ्याला वाटते.

गो या खेळातले उदाहरण बोलके आहे. १३ मार्च २०१६ रोजी सोलमध्ये ली सेडोल यांच्या ७८व्या खेळीनंतर अल्फागोचा चौथा डाव बिघडला. त्याने काही खेळ्या अशा केल्या की जाणकार बुचकळ्यात पडले. पण शेवटी पडद्यावर डाव सोडल्याची सूचना आली. जिंकण्याची शक्यता ठरावीक मर्यादेखाली गेली की थांबायचे, असे त्याला शिकवलेले होते. ही मर्यादा कुठे ठेवायची? अल्फागो झीरो स्वतःशीच खेळून शिकत असताना दर दहांतला एक डाव न सोडता शेवटपर्यंत खेळवला जाई. सोडला असता तर जिंकता येणारा डाव हातचा गेला असता का, हे त्यावरून तपासत आणि अशी चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवत.

बुद्धिबळात गंमत वेगळी आहे. प्रोग्रॅम आणि पडदा यांच्यातली 'यूसीआय' ही प्रचलित भाषा २००० सालची. तिच्यात खेळी सांगता येते. पण 'डाव सोडला' किंवा 'बरोबरी करू या' असे सांगायला आज्ञाच नाही. ते काम पडद्यामागच्या दुसऱ्या प्रोग्रॅमने करायचे.

माणसाशी खेळणाऱ्या प्रोग्रॅमकडून माझ्या चार अपेक्षा आहेत. पहिली, हरताना मोहरी उधळू नयेत. डाव सोडण्याआधी समोर कोण आहे ते पाहावे. शिकणाऱ्या मुलाला मात स्वतःच्या हाताने द्यायची असते, ती हिरावून घेऊ नये. 'सोडू, की मात देऊन पाहता?' असे विचारावे. दुसरी, जिंकताना माणसाला कळेल अशा सरळ वाटेने जावे. तिसरी, बरोबरीचा प्रस्ताव ऐकावा, त्याचे उत्तर द्यावे आणि स्वतःचा प्रस्ताव पुन्हापुन्हा करू नये. अवाजवी प्रस्तावांनी समोरच्याला त्रास देणे फिडेच्या नियमांतही निषिद्ध आहे. चौथी, माणसाने डाव सोडला तर तो सोडायला हवा होता का, हे नंतर दाखवावे. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोव्ह यांनी डीप ब्लूविरुद्धचा दुसरा डाव सोडला. सततच्या शहांनी तो बरोबरीत सुटू शकला असता, असे मागाहून विश्लेषकांनी सांगितले. यंत्राने सगळे पाहिलेच असेल, हा धाक माणसाला असतो. शिकवणाऱ्या प्रोग्रॅमने तो धाक वाढवू नये.

राहिली भाषा. हे खेळ मराठीत आणताना 'रिझाइन'साठी 'राजीनामा' आणि 'ड्रॉ'साठी 'काढा' असे शब्द बटणांवर येऊ शकतात, कारण कोशात तेच आधी सापडतात. पण राजीनामा नोकरीचा देतात आणि काढा सर्दीवर घेतात. आपल्याकडे 'डाव सोडला' आणि 'बरोबरी' हे शब्द आहेत. 'डाव सोडला' म्हणणारा फक्त तो डाव सोडतो; पट आणि सोबती तिथेच असतात. 'तुम्ही पराभूत झालात' यापेक्षा 'मात झाली. आणखी एक डाव?' हे आपल्या ओट्यावरचे बोलणे आहे. शिक्षकांनी आणि लेखकांनी ही चार-सहा वाक्ये ठरवून दिली, तर प्रोग्रॅम लिहिणारे ती घेतील. गणित त्यांचे आहे, पण डाव संपला हे कसे सांगायचे, हे आपण त्यांना सांगायला हवे.