जिन्याखालची इटालियन

परळच्या आमच्या चाळीत जिन्याखालची जागा कुणाची, यावरून दोन पिढ्या भांडण चालू आहे. एका कडेला पाण्याचं पिंप, दुसऱ्या कडेला कुणाची तरी मोडकी खाट आणि मधे ताडपत्रीखाली आमची लॅम्ब्रेटा. १९७४ची, १५० सीसी. बाबांनी १९७९मध्ये ती जुनीच घेतली, कारण नव्या स्कूटरचा नंबर लागेपर्यंत माझं कॉलेज संपलं असतं. त्या काळी बजाजची स्कूटर नोंदवून लोक दहा-दहा वर्षं थांबत, आणि वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई.

इटालियन गाडी म्हटलं की आज पोरांच्या डोळ्यांसमोर लालभडक डुकाटी येते. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात इटली आली ती मात्र स्कूटर होऊन, आणि तीही लोकलच्या मार्गावरून. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीचा कारखाना भांडुपला होता. मिलानच्या इनोचेन्ती कंपनीच्या परवान्याने तिथे लॅम्ब्रेटा बनायची. बजाज ऑटोने १९६० ते १९७१ पिआज्जिओच्या परवान्याने व्हेस्पा काढली आणि परवाना संपल्यावर त्याच अंगाची 'चेतक' १९७२मध्ये बाजारात आणली. त्याच सुमारास फिरोदियांची 'लूना' आली, तीही पिआज्जिओच्या 'चाओ' या मोपेडची बहीण. रिक्षासुद्धा मुळात पिआज्जिओची 'आपे'. पण रिक्षाला वांद्रे आणि शीवच्या अलीकडे यायला बंदी असल्यामुळे आमच्या भागाला इटलीचं हे चौथं अपत्य कधी भेटलंच नाही.

लॅम्ब्रेटा आणि व्हेस्पा यांत कोण भारी, हा वाद चाळीत क्रिकेटइतकाच जोरात चाले. त्याचं मूळ दोन कारखान्यांच्या पूर्वायुष्यात आहे. पिआज्जिओ विमानं बनवायची. १९४६ची व्हेस्पा आखणारे कोर्रादिनो दास्कानिओ विमानाचे इंजिनिअर, आणि मोटरसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. त्यांनी गाडीला सांगाडाच दिला नाही; विमानासारखा पत्रा दाबून घडवलेलं अंग, तेच तिचं हाड. इनोचेन्तीचा धंदा लोखंडी पाइपांचा, इमारतीच्या परांचीला लागतात तसल्या पाइपांचा. म्हणून लॅम्ब्रेटात मधे जाड नळी आणि तिच्यावर बाकीचं सगळं. व्हेस्पाचं इंजिन उजव्या अंगाला लटकतं, लॅम्ब्रेटाचं मधोमध, सिलिंडर आडवा झोपलेला.

मुंबईच्या पावसात या फरकाला फार किंमत आहे. व्हेस्पा-चेतकचा फुटबोर्ड गंजला की गाडीचं हाडच गंजतं, मग कापून वेल्डिंग. लॅम्ब्रेटाचे बाजूचे पत्रे गंजले तर काढून ठेवायचे. गाडी उघड्या अंगाने का होईना, चालते. आमची अशी दोन वर्षं चालली. बाबा बाजूचे पत्रे न लावता दादरला ऑफिसात जात आणि आई मागे बसायला साफ नकार देई.

आता आमच्या मजल्यावरच्या फिटरकाकांबद्दल. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. ते गिरणीत वर्कशॉपला होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि काकांचे हात रिकामे झाले. लवकरच चाळीच्या दारात एका गोणपाटावर त्यांची हत्यारं मांडली गेली: रिंग पाने, पक्कड, कानस, पॉलिश पेपर आणि स्वतः लेथवर घडवलेला फ्लायव्हीलचा पुलर. हा पुलर पाहायला दुसऱ्या चाळींतून माणसं येत. लॅम्ब्रेटाचं फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर चावीने बसलेलं असतं. पुलर नसला की लोक हातोडी मारतात. मग क्रँक वाकडा होतो, फ्लायव्हीलमधले लोहचुंबक कमजोर पडतात आणि गाडी जन्मभर आजारी राहते.

टू-स्ट्रोकची दुखणी ओळखायला काका धूर बघायचे. पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं असतं, त्यामुळे थोडा धूर निघणारच. पण क्रँकला दोन बाजूंनी ऑइल सील असतात. चेनच्या बाजूचा फाटला, तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून घेतं आणि रस्ता पांढरा होतो. फ्लायव्हीलच्या बाजूचा फाटला, तर उलटं. धूर कमी होतो, गाडी उतावीळ पळते आणि मालक खूश. खरं तर त्या फटीतून नुसती हवा आत जात असते. पेट्रोल आणि त्याबरोबरचं तेल कमी पडतं, सिलिंडर तापतो आणि पिस्टन जाम. ''गाडी अचानक चांगली पळायला लागली तर घाबरायचं,'' असं ते म्हणत. मला तेव्हा वाटायचं, ते गिरणीबद्दल बोलतायत.

हा फ्लायव्हीलकडचा सील बदलायचं काम घरी होतं. फ्लायव्हील काढा, स्टेटरची प्लेट काढा, मागची फ्लँज ओढा. सील तिथेच बसलेला असतो. नवा बसवताना ओठाला तेलाचं बोट लावायचं, आणि स्टेटर खोलण्याआधी त्याच्या जागेची खूण करून ठेवायची, नाहीतर टायमिंग चुकतं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर. काका त्यासाठी फीलर गेज न वापरता सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घालून बघत. मी पुढे गेज घेऊन तपासलं, तर त्यांचा अंदाज केसभर इकडेतिकडे होता. सिलिंडर आडवा असल्यामुळे 'हाफ इंजिन'ही गाडी न उतरवता होतं: हेड काढायचं, ब्लॉक सरकवायचा, रिंगांच्या खाचा आणि एक्झॉस्टच्या तोंडाची काजळी खरवडायची. 'फुल इंजिन' म्हणजे मात्र रविवार गेला.

आणि जुलै. हिंदमाताला पाणी भरलं की दहा इंची चाकांच्या स्कूटरचं काय होतं, ते परळकरांना सांगायला नको. काकांनी प्लगच्या टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून तारेने आवळला होता. क्लच वायर आणि गिअर वायर यांची जादा जोडी फुटबोर्डाखाली बांधून ठेवली होती. एक घासलेला बुश तर पितळेचा घडवून बसवला, कारण मूळचा मिळेना. सुटा भाग मिळेना तर घडवायचा, आणि घडवतानाच तो जरा सुधारायचा. दुरुस्ती कुठे संपली आणि बदल कुठे सुरू झाला, हे आमच्या गाडीकडे बघून कुणालाच सांगता यायचं नाही.

इटलीत लॅम्ब्रेटा १९७१मध्ये बंद पडली. तिची यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली आणि १९७२मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया ही कंपनी उभी राहिली. नावाचा हक्क तिकडे गेल्यामुळे पुढे १९७६च्या सुमारास भांडुपच्या गाडीला 'लॅम्बी' म्हणावं लागलं. आमची त्याआधीची, म्हणून पुढच्या पत्र्यावर पूर्ण नाव आहे. बाबांना याचा अभिमान फार. जे मिलानने मोडीत काढलं, ते इथे पुढची अनेक वर्षं बनत राहिलं. म्हणूनच पुढे युरोपातल्या हौशी लोकांची नजर भारतीय गाड्यांवर पडली. पुट्टीचे थर, चकचकीत रंग, आतून जुनंच इंजिन, अशा 'नव्या केलेल्या' स्कूटर परदेशी गेल्या, आणि तिकडे त्यांची बदनामीही झाली. ती बदनामी मला पूर्णपणे अन्यायाची वाटत नाही. पुट्टी म्हणजे दुरुस्ती नव्हे.

पण आज आपल्याकडे जे 'रिस्टोरेशन' चालतं, त्याच्याशीही माझं पटत नाही. मागच्या वर्षी एका दुकानात गाडी दाखवली. मालकाने पितळी बुश बोटाने दाखवून म्हटलं, ''साहेब, हे सगळं काढून टाकू, एकदम ओरिजिनल करून देतो.'' ओरिजिनल म्हणजे कधीचं? भांडुपच्या दारातून बाहेर पडली त्या सकाळचं? मग पन्नास वर्षं ती कुठे होती?

कायद्याचंही काहीसं असंच आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. शिवाय रोजच्या वापराला बंदी, प्रदर्शन किंवा रॅली अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर. म्हणजे दसऱ्याच्या पहाटे दादरच्या फूलबाजारातून झेंडू आणायलाही ती नेता येणार नाही. आमच्या गाडीची पन्नाशी २०२४मध्ये झाली. मी जुन्याच वाटेने जायचं ठरवलं: दर पाच वर्षांनी ताडदेवला पासिंग आणि पर्यावरण कर.

शुद्धतेचं सोवळं मीही पाळलेलं नाही. सहा व्होल्टचा दिवा डॉ. आंबेडकर रस्त्यावर काजव्याएवढा उजेड देतो. म्हणून बारा व्होल्टचा स्टेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. पॉइंट आणि सिगारेटचा पुठ्ठा दोन्ही निवृत्त झाले. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून जुनं रबर नीट टिकत नाही, आणि इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर बदलले. आता गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करतो. जुना स्टेटर बिस्किटांच्या डब्यात आहे, पुलरशेजारी.

यंदा पासिंगच्या आधी चासी नंबरचा पेन्सिलीने छाप घ्यायचा होता. नंबर दिसेना. पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो. आधी माझा हिरवा रंग निघाला, मग बाबांचा निळा. त्याखाली फिटरकाकांनी कधीतरी मारलेला रेड ऑक्साइड, तो सगळ्यात चिवट. त्याच्याखाली फिकट करडा, भांडुपचा असावा. एजंट म्हणाला, ''अहो, पुरे, आकडे दिसले.'' मी छापाचा कागद त्याच्या हातात दिला आणि घासलेल्या जागेवर पुन्हा रेड ऑक्साइड लावला.