लवणातील पाणथळ काळी जमीन : कुरण मोडण्यापूर्वी करावयाची पारख

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. येथील जमिनी ह्याच पाषाणाच्या झिजेतून तयार झाल्या. उत्तरेकडील आर्वी, आष्टी व कारंजा ह्या तालुक्यांतील टेकड्यांवर उथळ बरडी व खरडी जमीन आढळते. उतारावर मध्यम खोलीची मोरंड लागते. आणि दक्षिणेकडे हिंगणघाट व समुद्रपूरच्या बाजूस, वर्धा व वेणा नद्यांच्या खोऱ्यांत, खोल काळी जमीन पसरलेली आहे. ह्या सर्व प्रकारांच्या मधूनमधून सखल भाग असतात. त्यांस लवण म्हणतात. चहूबाजूंचे पाणी तेथे उतरते, श्रावण-भाद्रपदात जमीन पाण्याखाली राहते आणि पिकाऐवजी गवत माजते.

अशा तुकड्यास कोणी निरुपयोगी मानतो. तर कोणी मातीचा काळाभोर रंग आणि दाट गवत पाहून ही जमीन अत्यंत सुपीक असली पाहिजे, असे समजून कुरण मोडतो आणि कपाशी लावतो. हे दोन्ही निर्णय पृष्ठभागावरून घेतलेले असतात. ह्या जमिनीचा गुणदोष तिच्या तळाशी दडलेला आहे व तो खड्डा खणल्यावाचून कळत नाही.

पाणी का साचते?

ह्या मातीत चिकणकणांचे प्रमाण बहुधा निम्म्याहून अधिक असते. हे कण माँटमोरिलोनाइट जातीच्या खनिजाचे असून ओले होताच ते फुगतात आणि वाळताच आकसतात. म्हणूनच वैशाखात ज्या भेगेत काठी सहज खोल जाते, ती भेग आषाढात पूर्णपणे मिटते. भेगा उघड्या असतात तोवर पहिले पाऊस थेट खोल जातात. भेगा मिटल्यानंतर मात्र पाणी मुरण्याचा वेग फारच मंदावतो.

एक साधा हिशेब पाहू. ओली चिकणमाती तासाला ५ मिलिमीटर पाणी मुरवते असे धरले आणि दोन तासांत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० मिलिमीटर पाणी मुरेल व ४० मिलिमीटर वर राहील. एक हेक्टर क्षेत्रावर हे पाणी चार लाख लिटर भरते. उतारावरील शेतातून ते वाहून जाते. लवणात मात्र त्यात वरच्या शेतांच्या पाण्याची भर पडते.

मातीखाली काय आहे, हे तितकेच महत्त्वाचे. खाली झिजलेला, भेगाळ मुरूम असेल तर मातीतून उतरलेले पाणी तो पुढे वाहून नेतो. परंतु मातीचा थर संपताच अखंड, घट्ट पाषाण लागला, तर पाण्याला वाट उरत नाही. पुष्कळदा तर वरच्या मोरंड शेतात मुरलेले पाणी मुरमातून पाषाणाच्या पाठीवरून सरकत येते आणि लवणाच्या काठाशी झिरपू लागते. पाऊस उघडून आठवडा झाला तरी शेत ओलेच राहण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. पाणी वरून पडलेले नसते, बाजूने आलेले असते.

पिकाची हानी कशी होते?

मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. जमिनीतील पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे प्राणवायू आत शिरू शकत नाही. पाण्यातून त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होतो. आत असलेला प्राणवायू मुळे व जिवाणू थोड्याच काळात संपवतात. त्यानंतर काही जिवाणू नत्रयुक्त खतातील प्राणवायू वापरू लागतात व नत्र वायुरूपाने हवेत निघून जाते. पीक पिवळे पडते. अशा वेळी खताची आणखी मात्रा देणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. कारण उणीव मुळांच्या श्वासाची असते. तूर ह्या स्थितीत लवकर खचते, कपाशी कोमेजते, सोयाबीन काहीसे अधिक सोसते. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी अडचण वाफशाची. ही जमीन ओली असता वखराला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. ह्या दोहोंच्या मधला, मशागतीस योग्य असा वाफसा अवघे काही दिवस टिकतो. तो साधला नाही, तर ढेकळे निघतात किंवा माती तुडवली जाऊन अधिकच घट्ट होते.

खड्ड्यातील खुणा

दिवाळीच्या सुमारास लवणाच्या मध्यभागी एक व काठावर एक असे दोन खड्डे घ्यावेत. लांबी-रुंदी तीन तीन फूट ठेवून मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खणावे. एक बाजू सरळ तासून वरून खाली पाहत जावे.

वरच्या सुमारे २० सेंटीमीटर थरात गवताच्या मुळांचे जाळे असते. माती काळी व त्यातल्या त्यात भुसभुशीत असते. हीच ह्या जमिनीची खरी पुंजी होय. तिच्याखाली माती घट्ट होत जाते. ढेकूळ फोडले असता त्याच्या बाजू चकचकीत, जणू गुळगुळीत घासलेल्या दिसतात. फुगताना मातीचे लोंढे एकमेकांवर घसरल्याची ती खूण आहे. त्याखाली रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. माती राखाडी किंवा हिरवट झाक असलेली असून तीमध्ये मुळांच्या वाटांभोवती तांबूस-पिवळे ठिपके असतील, तर तो थर दरवर्षी दीर्घकाळ पाण्यात राहतो असे समजावे. हवा नसता मातीतील लोहाचा तांबूसपणा नाहीसा होतो आणि जेथे हवा पोहोचते तेथे तो गंजासारखा परत येतो. हे ठिपके जितके वर, तितका निचरा वाईट. चुनखडीचे खडे खालच्या थरात असणे ह्या भागात स्वाभाविक आहे व त्यांवरून घाबरण्याचे कारण नाही.

खड्डा दोन दिवस उघडा ठेवावा. पाणी कोणत्या बाजूने व किती खोलीवर झिरपते, ते नोंदवावे. शेवटी खालच्या थरातील वाळलेले लहान ढेकूळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात न ढवळता सोडावे. ढेकूळ नुसते सुटून तळाशी बसले तर ठीक. परंतु त्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरत गेला, तर मातीत सोडियमचे प्रमाण वाढले असण्याचा संभव असतो. अशा वेळी मातीचा नमुना मृद चाचणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा व अहवालाप्रमाणेच जिप्सम वापरावे. देवळी तालुक्यातील सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रातही मार्गदर्शन मिळते.

गवतही साक्ष देते. उतारावरच्या कोरड्या जागेत कुसळी वाढते. भारी काळ्या मातीत मारवेल व कुंदा दिसतो. लव्हाळ्याची दाटी झाली असेल तेथे ओल बराच काळ टिकते.

निर्णय कसा घ्यावा?

माती तीन फुटांहून खोल आहे, खाली मुरूम आहे, ठिपके बरेच खाली आहेत आणि पाणी नाल्यात सोडण्यास ढाळ आहे, अशी स्थिती असल्यास जमीन सुधारण्याजोगी आहे. प्रथम लवणाच्या वरच्या काठाने, जेथे झिरप दिसते तेथे, चर काढून बाहेरचे पाणी अडवावे व नाल्याकडे वळवावे. चरातून निघालेली राखाडी माती शेतात पसरू नये. पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर सोडू नये. खालच्या शेतकऱ्यांशी बोलून चराची वाट एकमताने ठरवावी, कारण लवण बहुधा एकाच मालकाचे नसते. त्यानंतर रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी करावी. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने १९७० नंतरच्या दशकात भारी काळ्या जमिनींसाठी ह्या पद्धतीचा अभ्यास केला. तीत सरीस शंभर मीटरला ४० ते ८० सेंटीमीटर इतका सौम्य ढाळ देतात. मुळांना वरंब्यावर हवा मिळते आणि जादा पाणी माती न वाहवता निघून जाते. खरीप साधत नसेल, तर पूर्वीच्या रीतीप्रमाणे जमीन पावसाळ्यात मोकळी ठेवून साठलेल्या ओलीवर हरभरा किंवा जवस घेणे शहाणपणाचे ठरते.

याउलट, दोन फुटांच्या आत अखंड पाषाण लागत असेल, ठिपके वरच्या थरापर्यंत आले असतील आणि पाण्यास बाहेर जाण्याची वाट नसेल, तर कुरण मोडू नये. नांगरटीने गवताच्या मुळांचे जाळे तुटते, वरची भुसभुशीत माती काही वर्षांत खालच्या मातीसारखीच घट्ट होते आणि शेतकऱ्याच्या हाती पीकही राहत नाही व वैरणही राहत नाही. आर्वी व कारंजा हा गवळाऊ गुरांचा मुलूख आहे. तेथील चपळ बैलजोड्यांना अशाच गवताने पोसले आहे.

मात्र कुरण राखणे म्हणजे त्याकडे दुर्लक्ष करणे नव्हे. जमीन ओली असेतोवर गुरे आत सोडू नयेत. खुरांनी चिखल तुडवला गेला की मातीतील उरल्यासुरल्या पोकळ्याही मिटतात. मारवेलासारखे गवत फुलोऱ्यावर येताच कापून वाळवावे; दाणे गळून काड्या झाल्यावर त्यातील कस उतरतो. कुंदा व लव्हाळा पसरू लागल्यास वेळीच खणून काढावा.

एका खड्ड्यास एका माणसाची एका दिवसाची मजुरी पुरते. कुरण मोडून चुकलेला डाव सावरण्यास मात्र अनेक वर्षे लागतात. म्हणून लवणात नांगर घालण्यापूर्वी कुदळ घालावी आणि जमिनीचा तळ पाहून मगच तिच्याकडून काय मागावयाचे, ते ठरवावे.