आयात सिरॅमिक सांधा आणि सीमाशुल्काचे वर्गीकरण

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली की खर्चाच्या अंदाजपत्रकातील "आयात कृत्रिम सांधा, सिरॅमिक शीर्ष" या ओळीपाशी रुग्णाचे आप्त थबकतात. हे रुग्णालय धर्मादाय विश्वस्त निधीचे असूनही अशा वस्तूवर सीमाशुल्क का लागते, असे काही देणगीदारांनीही विचारले आहे. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर सीमाशुल्क दरपत्रकातील एका अंकात दडलेले आहे. तो अंक कसा ठरतो, याचे थोडे विवेचन या अहवालात करणे आम्हांस उचित वाटते.

आरंभ आपल्याच जिल्ह्यातून करू. दापोली-मंडणगड भागातील सड्यांवर जांभ्याच्या सोबतीने बॉक्साइट सापडते. हे खनिज दरपत्रकाच्या २६०६ या शीर्षकाखाली येते. दाहक सोड्यात विरघळवून त्यातून पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिना, काढली की तीच वस्तू २८१८ मध्ये जाते. आता ती खनिज उरली नाही, रसायन झाली. ही भुकटी साच्यात दाबून सुमारे १,६०० अंश तापमानात भाजली आणि एखाद्या यंत्राची नळी किंवा प्रयोगशाळेतील मूस घडविली, तर ती ६९०९ म्हणजे तांत्रिक उपयोगाचे सिरॅमिक होते. आणि त्याच भुकटीतून काही सेंटिमीटर व्यासाचा आरशासारखा गुळगुळीत गोल मांडीच्या हाडाच्या टोकाशी बसविण्यासाठी केला, तर तो ९०२१ ३१, कृत्रिम सांधा. फ्रान्समधील शल्यविशारद पिएर बूतँ यांनी १९७० मध्ये ॲल्युमिनाचा असा खुबा प्रथम बसविला. पदार्थ तोच, प्रत्येक पायरीवर त्याचे शीर्षक मात्र निराळे.

हे आकडे कोणा एका देशाने मनाला येईल तसे ठरविलेले नाहीत. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसंवादी प्रणालीत, जी १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली, पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात. भारताने पुढे आपले दोन अंक जोडून ते आठ केले आहेत. आपल्याकडील आधार म्हणजे १९७५ चा सीमाशुल्क दर अधिनियम आणि त्यासोबतचे सहा अन्वयार्थ-नियम. पहिला नियम सांगतो की प्रकरणांची व विभागांची नावे केवळ सोयीपुरती असतात. निर्णय शीर्षकाच्या शब्दांवर आणि विभागाच्या व प्रकरणाच्या टिपांवर करावयाचा. सामान्य वाचक नाव वाचून निश्चिंत होतो. अधिकारी टीप वाचतो. वादाचे मूळ बहुधा येथेच असते.

प्रकरण ६९ ची पहिली टीप म्हणते की आकार दिल्यावर भाजलेली वस्तूच येथे येईल. केवळ राळ घट्ट होण्यासाठी वा तत्सम हेतूने ८०० अंशांपेक्षा कमी तापविलेली वस्तू भाजलेली मानू नये, हे २०२२ च्या सुधारणेने स्पष्ट केले. त्याच प्रकरणाची दुसरी टीप कृत्रिम दात बाहेर काढून ९०२१ कडे पाठविते आणि विजेचे निरोधक ८५४६ कडे. उलट दिशेने, वैद्यकीय उपकरणांच्या प्रकरण ९० ची टीप ६९०९ मधील तांत्रिक सिरॅमिक आपल्या घरात घेण्यास नकार देते. म्हणजे एखाद्या तपासणी यंत्रातील सुटा सिरॅमिक भाग, यंत्र वैद्यकीय आहे एवढ्याच बळावर, प्रकरण ९० मध्ये शिरू शकत नाही. क्ष-किरण यंत्रातील उच्च दाबाचा सिरॅमिक निरोधक तर ८५४६ २० मध्येच जातो. घरातील एका कुटुंबाचे तीन सोयरे तीन गावांत राहतात, तसा हा प्रकार.

६९०९ च्या आतही भेद आहे. मोहस् मापावर कठीणपणा ९ किंवा अधिक असेल तर ६९०९ १२. पोर्सेलिन नसलेल्या आणि त्याहून मऊ वस्तू ६९०९ १९. ॲल्युमिनाचा कठीणपणा कुरुंदाएवढा, म्हणजे ९. झिर्कोनिया साधारण साडेआठ. दंतविभागात मुकुट घडविण्यासाठी येणारी झिर्कोनियाची पांढरी चकती पाहावी, म्हणजे प्रश्नाची नजाकत कळते. ती अजून दात नाही. पण दात होण्यापलीकडे तिचा दुसरा उपयोगही नाही. दुसऱ्या नियमानुसार अपूर्ण वस्तूला पूर्ण वस्तूचे मूलभूत स्वरूप आले असेल तरच ती पूर्ण मानावयाची. चकतीत दाताचा आकार दिसत नाही, म्हणून तेथे तर्काला वाव राहतो. तयार सांध्याच्या शीर्षाबाबत तो वाव जवळजवळ नाही, कारण त्याची मापे, पृष्ठभाग आणि निर्जंतुक वेष्टन त्याचा उपयोग स्वतःच सांगतात.

पैशाचा भाग असा. शीर्षक बदलले की मूळ शुल्काचा दर, सवलतींची अधिसूचना आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर हे सारे बदलू शकते. २०२० च्या अर्थसंकल्पात ९०१८ ते ९०२२ या शीर्षकांतील आयात वैद्यकीय उपकरणांवर ५ टक्के आरोग्य उपकर लावण्यात आला. प्रकरण ६९ त्यात नव्हते. मात्र कमी दराच्या मोहाने चुकीचे शीर्षक लिहिणे महागात पडते. २०११ पासून शुल्काचे स्वनिर्धारण आयातदारानेच करावयाचे असते. कमी भरलेले शुल्क सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंत, आणि माहिती दडविल्यास पाच वर्षांपर्यंत, व्याजासह वसूल होते. वादात माल गोदीत अडकला तर भाडे चढते आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलावी लागते. कलम १८ खाली बंधपत्र देऊन तात्पुरत्या निर्धारणावर माल सोडविता येतो. नियमित आयात करणाऱ्यास मुंबईतील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडून आधीच निर्णय मागविता येतो.

धर्मादाय असण्याचे काय? वर्गीकरण वस्तूकडे पाहते, आणणाऱ्याकडे नाही. सवलत हा त्यानंतरचा, स्वतंत्र प्रश्न. १ मार्च १९८८ च्या अधिसूचना ६४/८८ ने रुग्णालयीन उपकरणांना शुल्कमाफी दिली होती, परंतु बाह्यरुग्णांपैकी किमान ४० टक्के विनामूल्य तपासावेत आणि दरमहा ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखाव्यात, अशा अटींवर. ती १९९४ मध्ये रद्द झाली. त्या काळची आठवण मनात ठेवून आजही माफी गृहीत धरणारे हितचिंतक आम्हांस भेटतात.

परदेशस्थ देणगीदारांनी उपकरण वा त्याचे सुटे भाग पाठविण्यापूर्वी आम्हांस कळवावे, ही विनंती. उत्पादकाचे पत्र सोबत असावे: वस्तू कोणत्या पदार्थाची, आकार दिल्यावर भाजलेली आहे काय, कठीणपणा किती, आणि ती शरीरात बसवावयाची की यंत्रात. सीमाशुल्क दलालापाशी हे पत्र माल मुंबईत उतरण्याआधी पोहोचावे.